हरलो तर टाळं लावू

आधी स्पष्ट सांगते, इंटरनेटवरच्या खेळांशी माझं काही भांडण नव्हतं. मी तेव्हा बऱ्याच गोष्टींच्या विरोधात होते, पण त्या यादीत खेळ नव्हते. यादीत इंदिरानगरचा बसथांबा होता, कारण त्याला छप्पर नव्हतं. अंबडच्या कारखान्यांतून सुटणाऱ्या बायकांना न मिळणारी बस होती. आमच्या कॉलेजचं ग्रंथालय होतं, जिथली पुस्तकं कपाटात असायची आणि कपाटाची किल्ली शिपायाच्या घरी. या प्रत्येकावर मी पत्रक काढलं होतं. स्वतः लिहायचं, झेरॉक्स काढायच्या आणि रस्त्यात उभं राहून वाटायचं. लोक घ्यायचे. पुढच्या कोपऱ्यावर त्यात भेळ खायचे, तो भाग वेगळा.

अडचण माझ्या अक्षराची होती. बसथांब्याचं पत्रक हातात घेऊन एका आजोबांनी फार मायेने विचारलं होतं, "कधीपासून हरवलीय गं मुलगी?" मग मी डीटीपीवाल्याकडे गेले. तो माझी उद्गारचिन्हं कापायचा. "ताई, एका वाक्याला एक पुरतं," म्हणायचा. असल्या माणसाशी चळवळ जमत नाही. म्हणून मी टायपिंग शिकायचं ठरवलं आणि पिठाच्या गिरणीवरच्या मॅडमच्या क्लासमध्ये नाव घातलं.

मॅडम पन्नाशीच्या. एके काळी कुठल्याशा कचेरीत स्टेनो होत्या. साहेबाच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आत त्यांनी तो लिहिलेला असायचा, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि त्यांच्याकडे बघून ते खरं वाटायचं. क्लासमध्ये अकरा मशीनं होती, सगळी त्यांच्यासारखीच जड आणि शिस्तीची. खालून गिरणीची घरघर आणि वरून आमची खटखट. मॅडम टेबलावर लाकडी पट्टीने ताल द्यायच्या. नव्या मुलांच्या बोटांवर लाकडी खोकं ठेवायच्या, म्हणजे कुणी अक्षरं बघू नयेत. नजर समोरच्या कागदावर. ओळ संपत आली की घंटी वाजते. घंटी वाजली की डावा हात उचलायचा, दांडा ढकलायचा, रोलर सर्रकन मागे, पुढची ओळ. आणि चुकलं तरी थांबायचं नाही. "थांबलेला हात दोनदा चुकतो," हे त्यांचं वाक्य. चुका पान संपल्यावर मोजायच्या, मग नवा कागद.

चुकलं तरी थांबायचं नाही हा नियम मला इतका आवडला की मी तो टायपिंगच्या बाहेरही वापरायला लागले. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

हे दोन हजार नऊच्या सुमाराचं. समोरच्या इमारतीत एक कॉम्प्युटर क्लास उघडला. काचेचं दार, आत एसी, दारावर हसणाऱ्या मुलीचा फोटो. मॅडमच्या क्लासमधली मुलं एकेक करून रस्ता ओलांडायला लागली. मॅडम रिकाम्या मशीनवर कापडी झाकण घालून ठेवायच्या. दिवाळीनंतर अकरापैकी पाच झाकलेली होती.

मी त्या क्लासात पहिल्यांदा गेले ते महापालिकेला ई-मेल करायला. नेट कॅफेसारखे दोन-तीन कॉम्प्युटर त्यांनी बाहेरच्यांसाठी ठेवले होते. ई-मेल झाला. शेजारी पोरं आरडाओरडा करत होती. बघितलं तर स्क्रीनवर पाच चिमुकल्या गाड्या एका रेषेत उभ्या. खाली इंग्रजी उतारा. तो उतारा तुम्ही टाइप करायचा, जितका बरोबर टाइप होईल तितकी तुमची गाडी पुढे. बाकीच्या चार गाड्या चालवणारे जगात कुठेही बसलेले. एक शर्यत जेमतेम मिनिटाची. संपली की लगेच दुसरी. डाउनलोड नाही, काही नाही, ब्राउझर उघडला की सुरू.

"ताई, तुम्ही त्या खटखट क्लासला ना?" एक पोरगा म्हणाला. "बसा की. बघू तुमची गाडी."

बसले. शर्यत सुरू झाली. मी मॅडमच्या शिस्तीत, बोटांकडे न बघता, दणादण टाइप करायला लागले. पहिली ओळ संपली आणि माझा डावा हात आपोआप वर गेला आणि मॉनिटरच्या कानाखाली बसला. मॉनिटर फिरला. वरचा वेबकॅम खाली पडून लोंबायला लागला. मी थांबले नाही. मॉनिटर पोरांनी परत सरळ केला तेव्हा दिसलं, माझी गाडी जकात नाक्यावर अडकलेल्या ट्रकसारखी सुरुवातीलाच उभी होती. चौथ्याच अक्षराला चुकले होते. या खेळात चूक खोडल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. मी त्यापुढे सगळा उतारा टाइप केला होता, तो वाया.

"मागे जाऊन खोडायचं असतं, ताई!"

"आम्ही मागे जात नाही," मी म्हणाले. पोरं इतकी हसली की कॉम्प्युटर क्लासचे सर आतून बाहेर आले. तरुणच होते, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. त्यांनी लोंबणारा वेबकॅम पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "तुमच्या मॅडमना सांगा, आमच्या गल्लीत भंगारवाला आठवड्यातून दोनदा येतो. गाडी मोठी आहे त्याची."

मी जिना उतरले तेव्हा पत्रकाचा मथळा तयार होता.

'जाहीर आव्हान!!!' टायपिंग मशीन म्हणजे काय, भारनियमनातही चालणारं शहरातलं एकमेव यंत्र कसं, एसीत बसून कष्टाची टिंगल करणाऱ्यांना धडा कसा शिकवला पाहिजे, सगळं त्यात होतं. शेवटी आव्हान: तुमच्याच कॉम्प्युटरवर, तुमच्याच गाड्यांच्या खेळात, येत्या शनिवारी चार वाजता एक शर्यत होऊन जाऊ द्या. पुढचं वाक्य मी लिहिलं कारण त्या जागी काहीतरी दणक्याचं हवं होतं. 'जिंकलो तर तुम्ही माफी मागा. हरलो तर आम्ही संस्थेला टाळं लावू!!!'

संस्था माझी नव्हती. हे मला तेव्हा सुचलं नाही. पत्रक लिहिताना 'आम्ही' आपोआप येतं.

दोनशे झेरॉक्स काढल्या. बसथांबा, गिरणी, न्हावी, भाजीवाली, आणि कॉम्प्युटर क्लासच्या काचेच्या दारावर, त्या हसणाऱ्या मुलीच्या बरोबर तोंडावर एक.

मॅडमना ते गिरणीवाल्याकडून कळलं. संध्याकाळी त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. पत्रक सगळं वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत.

"टाळं कोण लावणार आहे?"

"मॅडम, ते असं जोर यावा म्हणून..."

"माझ्या क्लासला. मला न विचारता."

"आपण जिंकणारच आहोत!"

"कोण आपण? तू मिनिटाला जेवढं टाइप करतेस तेवढं मी शिंकताना करते." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "टाइप करून वाटलंस ना चारचौघांत? मग आता ते वाक्य झालं. शर्यत मी करणार. आणि हरले तर टाळंही मीच लावणार. मला खोटं ठरायचं नाही."

तेव्हा कुठे मी हिशोब केला. क्लास म्हणजे मॅडमचं घर चालायचं साधन होतं. आणि उरलेल्या सहा मशीनवर बसणाऱ्यांची सरकारी टायपिंग परीक्षा अवघ्या महिन्यावर होती.

शुक्रवारी आम्ही समोर जाऊन सराव केला. सर सौजन्याने वागले, म्हणजे फक्त गालात हसले. मॅडमच्या डाव्या हाताने पहिल्याच मिनिटात मॉनिटरला दोनदा मारलं. शिवाय त्यांच्या चष्म्याच्या दोन भिंगांमध्ये स्क्रीनवरची अक्षरं नाचायला लागली. वर बघावं तर धूसर, खाली बघावं तर नाक.

"मला कुणीतरी वाचून दाखवा," मॅडम म्हणाल्या. "माझे कान ठीक आहेत. डिक्टेशनवर मी पंचवीस वर्षं काढलीत."

असं ठरलं की मॉनिटर माझ्याकडे वळवायचा, मी उतारा वाचायचा, मॅडम भिंतीकडे बघून टाइप करणार. मॉनिटर दूर गेल्यामुळे हात उठला तरी हवेतच फिरणार. सरांना विचारलं. ते म्हणाले, "वाचा की. माईक देऊ का? मांडव घालू?"

पण सरावात ते असं काही जमलं की पोरांचं हसू बंद झालं. मी वाचायचे, मॅडमचा कीबोर्ड पावसासारखा वाजायचा, गाडी सरळ पुढे. अनोळखी देशांतल्या चारही गाड्या मागे. एकदा नव्हे, तीनदा. सरांनी खिशातलं एक पेन काढून उगाच दुसऱ्या बाजूला लावलं.

शनिवारी चार वाजता कॉम्प्युटर क्लासमध्ये उभं राहायला जागा नव्हती. गिरणीवाला अंगावरच्या पिठासकट आलेला. आमचे सहाजण एका कोपऱ्यात, नवस बोलल्यासारखे चेहरे करून. सरांच्या बाजूने बारावीतली एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, तोंडात च्युइंगगम. तिने मॅडमना बघून च्युइंगगम थुंकलं आणि नमस्कार केला. ते मला बरं वाटलं.

खेळात दोघींपुरता वेगळा ट्रॅक उघडला. दोन गाड्या. तीन, दोन, एक.

उतारा कुंडीतल्या झाडांची निगा कशी राखावी यावर होता. मी खणखणीत आवाजात सुरू केलं. मॅडम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत टाइप करत होत्या. गाडी निघाली. मुलीचीही निघाली, पण मॅडमची पुढे. कोपऱ्यातून आमची पोरं ओरडायला लागली. त्या ओरडण्याने मला चेव आला. मी सभेत वाचतात तसं वाचायला लागले. एकेक शब्द मुठीत धरून. झाडांना सूर्यप्रकाश! झाडांना हवा! मागे सगळे काहीतरी किंचाळत होते. मला वाटलं, हा पाठिंबा आहे. मी आवाज आणखी चढवला.

मॅडमनी शेवटचा पूर्णविराम दाबला, हात मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "झालं."

मुलगी अजून टाइपच करत होती. मी विजयाने स्क्रीनकडे बघितलं. म्हणजे उताऱ्याकडे नव्हे, गाडीकडे. इतका वेळ मी फक्त उतारा बघत होते.

मॅडमची गाडी अर्ध्या रस्त्यात उभी होती. खाली अर्ध्यापासून पुढचं सगळं लालभडक. मुलीची गाडी तिच्या शेजारून हळूच गेली आणि शेवटच्या रेषेपार झाली.

"सर, त्यांचं आधी झालं होतं," मुलगीच म्हणाली.

"गाडी कुठे आहे ते बघ," सर म्हणाले.

"मागे, मागे म्हणून घसा फुटला आमचा!" गिरणीवाला माझ्या अंगावर ओरडला. "ऐकतच नाही ही बाई!"

मॅडम उठल्या, स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या, चष्मा वर-खाली केला आणि लाल जिथून सुरू झालं तिथे बोट ठेवलं. "तू मला इथं 'मस्ट' सांगितलंस. इथं 'शुड' लिहिलंय."

मी बघितलं. झाडांना आठवड्यातून दोनदा पाणी 'घालावं', असं कुणीतरी मवाळ माणसाने लिहून ठेवलं होतं. मी वाचताना ते 'घातलंच पाहिजे' केलं होतं. मला कळलंही नव्हतं.

"मॅडम, पण 'घालावं' म्हणजे काय? असं म्हटलं की कुणीच घालत नाही!"

सगळा क्लास हसला. मॅडम हसल्या नाहीत. "ते तुझं पत्रक नव्हतं," एवढंच म्हणाल्या, पर्स उचलली आणि निघून गेल्या.

मी फेरशर्यतीची मागणी केली. तिथल्या तिथे, तोंडी, तीन मुद्द्यांत. कुणी ऐकून घेतली नाही.

सोमवारी क्लासचं शटर खाली होतं. त्याला पितळी कुलूप. आमचे सहाजण जिन्यात बसलेले. त्यातला एकजण पेठ तालुक्यातल्या गावातून येऊन इथे खोली घेऊन राहिलेला, क्लार्कच्या जागेसाठी. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं लय भारी असतं ताई. लिहायचं तुम्ही, भोगायचं आम्ही."

मी मॅडमच्या घरी गेले. त्या मटार सोलत होत्या. मला बसायला सांगितलं, पुढ्यात मटार टाकले. मी सोलत सोलत अर्धा तास समजावलं: शर्यत अन्यायाची होती, खेळाचा नियमच चुकीचा, ज्याचं आधी संपलं तोच पहिला.

"बोलून झालं?" मॅडम म्हणाल्या. "शब्द तू दिलास, माझ्या नावावर. मी पाळला. आता तो चुकीचा होता असं तुला वाटत असेल, तर ज्याने वाटला त्याने परत घ्यावा."

"म्हणजे माघार?"

"मटार नीट सोल. अर्धे सालीतच ठेवतेस."

पत्रक परत घेणं हा प्रकार आमच्यात नव्हता. आमच्यात म्हणजे मी आणि सायकलवरून पत्रकं वाटणारी माझी एक मैत्रीण. पण टाळं लागल्यापासून तिने सायकल द्यायलाच नकार दिला होता. म्हणजे माझ्यातच नव्हता म्हणा.

दोन दिवस मी तशीच ताठ राहिले. तिसऱ्या दिवशी भाजी घेताना एका बाईंनी माझा दंड धरला. "तू ती पत्रकवाली ना?" शेजारी दोन वेण्या होत्या. शर्यत जिंकलेली मुलगी आणि तिची आई.

"अगं बाई, टाळं काय लावायला लावलंस तिथं? हिला सर्टिफिकेट नको का टायपिंगचं? बारावी झाली की जागा भरायच्यात, तिचे मामा सांगतात. परीक्षा हाताच्या मशीनवरच असते अजून. कॉम्प्युटर येतो म्हणून कोण घेतंय हिला?"

"मग तुम्ही हिला शर्यतीत कशाला बसवलंत?"

"मला काय ठाऊक, गाड्यांचा खेळ म्हणाली! जिंकली तर क्लास बंद होतो हे आम्हाला कुणी सांगितलं?"

"पत्रकात होतं," मी म्हणाले.

"पत्रकं कोण वाचतं?" आई म्हणाली आणि मेथीची जुडी उलटीपालटी करून परत ठेवली.

त्या मुलीने मात्र वाचलं असावं. ती माझ्याकडे बघत नव्हती. जिंकल्यावर आपल्यामुळे एखाद्याचं दार बंद व्हावं, याची लाज तिला वाटत होती, आणि ती लाज खरं तर माझी होती. मी घरी जाऊन लिहायला बसले.

पहिला मसुदा मॅडमनी वाचला. "माफी एका ओळीत आणि खाली पाच मागण्या?"

"त्या रास्त आहेत."

त्यांनी पेन्सिलीने मागण्यांवर काट मारली. मग उद्गारचिन्हांवर. मग 'आम्ही'वर. उरलं ते एवढं: 'टायपिंग क्लास बंद करण्याचा शब्द मी मॅडमना न विचारता दिला होता. तो देण्याचा मला हक्क नव्हता. शर्यतीत उतारा मी चुकीचा वाचला, मॅडमचा हात चुकला नाही. वरील शब्द मी परत घेते.' खाली माझं नाव.

"हे हाताने नाही, टाइप करून," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी शटर अर्धंच वर केलं. आम्ही वाकून आत गेलो. आत पिठाचा बारीक थर. मी सहा नंबरच्या मशीनवर बसले. मॅडम मागे उभ्या. एकही चूक चालणार नव्हती. चार वाक्यं टाइप करायला मला नऊ कागद लागले. दर वेळी 'मला हक्क नव्हता' इथे येऊन बोट घसरायचं.

दोनशे झेरॉक्स. तेच बसथांबा, गिरणी, न्हावी, भाजीवाली. न्हावी म्हणाला, "ताई, यात दणका नाही राव." कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी उभ्या उभ्या वाचलं, उलटून मागची बाजू बघितली. "एवढंच? आमच्याविरुद्ध काहीच नाही?"

"नाही."

त्यांची निराशा लपली नाही. मग म्हणाले, "उघडायला सांगा हो मॅडमना. माझ्याकडच्या निम्म्या पोरांना ते सर्टिफिकेट लागतंच. आणि भंगाराचं मी बोललो, ते... जाऊ दे. त्यांना सांगू नका, मीच येऊन सांगतो." आले. जिन्यात पाच मिनिटं उभे राहिले आणि मॅडमना काय बोलले ते मला ऐकू दिलं नाही. हे मला पटलं नाही. माफी जाहीर असते.

शटर पूर्ण वर गेलं त्या दिवशी दोन वेण्यांची मुलगी पहिल्या पाचात हजर होती. मॅडमनी तिला झाकण काढून एक मशीन दिलं आणि मला म्हणाल्या, "हिला पहिला धडा तू शिकव. वाचून दाखवू नकोस."

मुलगी बसली आणि गाड्यांच्या वेगाने सुटली. अक्षरांच्या लोखंडी काड्या एकमेकींत गुंतून रिबिनीजवळ त्यांचा गठ्ठा झाला. सोडवल्या. परत सुटली. घंटी वाजली, तिला ऐकूच आली नाही. ओळ संपली तरी ती बडवत राहिली आणि कागदाच्या कडेला वीस अक्षरं एकावर एक चढून बसली.

"खोडायचं बटण कुठंय?" तिने विचारलं.

"नाहीये."

"मग चुकलं की?"

"पान पूर्ण करायचं. मग नवा कागद. पहिल्या ओळीपासून."

"सगळं? एका अक्षरासाठी?" तिने माझ्याकडे अशा रागाने बघितलं की मला ती एकदम आवडली. "हे बरोबर नाहीये, ताई. तुम्ही यावर पत्रक का काढत नाही?"

मागे मॅडमची पट्टी तालात वाजत होती. ती क्षणभर थांबली.

"आधी ओळ पूर्ण कर," मी म्हणाले आणि तिच्या बोटांवर लाकडी खोकं ठेवलं.